कासव आलं की फोन वाजेल का?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो होतो की जनावराच्या अंगावर ट्रान्समीटर असेल आणि कॉम्प्युटरच्या नकाशावर एक रेघ मारून ठेवलेली असेल, तर जनावराने ती रेघ ओलांडली की ठरलेल्या माणसाला आपोआप मेसेज जातो, याला जिओफेन्स म्हणतात. दोनच ओळी होत्या हो, पण पत्रं आणि मेसेज इतके आले की काय विचारू नका, त्यातले निम्मे कासवांवर कारण सीझनच तो चालू आहे. सगळं छापायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून कुणाचंच छापलं नाही.

प्रश्न: आम्ही चार-पाच जण डिसेंबरपासून रात्री आणि पहाटे किनाऱ्यावर फेऱ्या मारतो. थंडीत वाळूतून चालून पाय भरून येतात, सकाळी पुन्हा आपापली कामं असतातच. कासवांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले होते ना, मग मादी आमच्या वाळूजवळ आली की आमच्या मोबाईलवर अलर्ट का देत नाहीत? तेवढ्याच रात्री उठू. – एक कासवमित्र, दापोली तालुका

उत्तर: दादा, तुमचे पाय दुखतात ते मला कळतं, मी दोनच रात्री फिरलो होतो आणि तिसऱ्या रात्री तब्येतीचं कारण सांगून घरी झोपलो, त्यामुळे तुम्हाला उपदेश करायचा मला अधिकारच नाही. पण अलर्ट येणार नाही. का ते जरा नीट सांगतो कारण मलाही आधी वाटायचं की फोनवर रिक्षा दिसते तशी कासवीण दिसत असेल.

आधी हिशेब बघा. 2022 मध्ये आपल्या किनाऱ्यावर पाच माद्यांना टॅग लावले, वेळासला प्रथमा, आंजर्ल्याला सावनी आणि गुहागरला वनश्री, रेवा, लक्ष्मी. मग 2023 मध्ये गुहागरलाच आणखी दोन, बागेश्री आणि गुहा. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि आपल्या राज्याचं मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन यांचं काम ते. म्हणजे त्या दोन वर्षांत मिळून सात. आणि घरटी सापडतात शेकड्यांनी. तुमच्या वाळूवर आज रात्री येणारी मादी टॅगवाली असण्याची शक्यता किती ते तुम्हीच बघा. शिवाय टॅग पाठीला चिकटवलेला असतो, तो काही महिन्यांनी पडतो नाहीतर बॅटरी संपते, जन्मभर राहत नाही.

समजा आलीच एखादी टॅगवाली. आता टॅग बोलतो कसा ते बघा. ही कासवं ज्या यंत्रणेवर बघतात तिचं नाव आर्गोस, ती 1978 पासून चालू आहे. तिचे सॅटेलाइट साधारण 850 किलोमीटरवरून उत्तर-दक्षिण फिरतात आणि आपल्या डोक्यावरून जातात तेव्हा दहाएक मिनिटंच टॅगला ऐकू शकतात. टॅग पाण्याखाली असताना गप्प बसतो, त्याला खाऱ्या पाण्याचा एक स्विच असतो, पाठ पाण्याबाहेर आली की स्विच सुटतो आणि मग तो सिग्नल सोडतो. कासवीण श्वास घ्यायला वर येते ती काही सेकंद. म्हणजे ती वर आलेली असली पाहिजे आणि त्याच वेळेला सॅटेलाइट पण वर असला पाहिजे, आणि एका सिग्नलने भागत नाही, चांगली जागा कळायला एका फेरीत निदान चार तरी मिळाले तर बरं. एवढं सगळं जमलं तर सगळ्यात चांगल्या दर्जाची जागा अडीचशे मीटरच्या आत बरोबर असते. नाही जमलं तर दीड किलोमीटरहून जास्त चुकते, आणि काही जागांच्या बाबतीत तर चूक किती हेच सांगता येत नाही. आता आंजर्ल्याचा किनारा डोळ्यासमोर आणा आणि दीड किलोमीटर चूक म्हणजे काय ते बघा, खाडीच्या ह्या बाजूला की त्या बाजूला एवढाही पत्ता लागणार नाही.

गंमत म्हणजे मादी वाळूवर चढली की टॅग कोरडा होतो आणि सलग बोलायला लागतो, म्हणजे तेव्हा जागा चांगली मिळायला हवी. मिळतेही, सॅटेलाइट असला तर. पण ती वाळूवर असते किती वेळ? चढणं, खड्डा, शंभराच्या आसपास अंडी, वर वाळू थापटणं, परत पाण्यात, सगळं मिळून तासाभराचा कारभार. तुमचा फोन वाजेपर्यंत बाई निघून गेलेल्या असतात.

म्हणून असल्या अलर्टचा उपयोग रात्री धावायला नाहीच, झाला तर पहाटे होईल. ह्या पट्ट्यात रात्री टॅग बराच वेळ कोरडा होता एवढं सकाळी कळलं तरी कुत्र्याने, कोल्ह्याने उकरायच्या आधी घरटं शोधायला बरं. आणि एकदा अंडी घातली की तीच मादी दोन-चार आठवड्यांनी पुन्हा येऊ शकते, तेवढे दिवस ती किनाऱ्याच्या आसपास घुटमळते की लांब जाते हे टॅगने छान कळतं. बागेश्री तर खाली केरळ ओलांडून श्रीलंकेच्या पलीकडे बंगालच्या उपसागरात गेली. हे कुणी किनाऱ्यावर फिरून सांगितलं नसतं.

पण उलटही ऐका. 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायाच्या वल्ह्याला धातूची साधी पट्टी होती, नंबर 03233. ना बॅटरी ना सॅटेलाइट. कुणीतरी टॉर्चच्या उजेडात नंबर वाचला आणि शोध घेतला तर पट्टी 2021 मध्ये ओडिशात मारलेली निघाली! पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवं वेगळी आणि आपली वेगळी असं मानून चाललेल्या लोकांना त्या एका नंबराने विचारात पाडलं. तेव्हा फिरा दादा, आणि पट्टी दिसली तर नंबर नीट वाचा, उजेड तिच्या तोंडावर मारू नका फक्त.

प्रश्न: रेघ ओलांडली हे ठरवतं कोण, कॉलर की कॉम्प्युटर? आणि खोटे अलर्ट येत नाहीत का? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर: दोन्ही पद्धती आहेत. बहुतेक वेळा कॉलर, म्हणजे गळ्यातला ट्रान्समीटरवाला पट्टा, नुसती जागा पाठवते आणि लांब कुठेतरी बसलेला कॉम्प्युटर बघतो की हा ठिपका रेघेच्या आत की बाहेर. काही कॉलरमध्ये रेघ आतच भरलेली असते, मग रेघेजवळ गेल्यावर कॉलर स्वतःच जास्त वेळा जागा घ्यायला लागते, एरवी बॅटरी वाचवते. हे जास्त हुशारीचं, पण रेघ बदलायची म्हटली की कटकट.

खोट्या अलर्टचा मात्र मी स्वतः गिनीपिग आहे. आमच्या शेजारच्या काकांची म्हैस रोज कुणाच्यातरी कुळथात शिरायची आणि रोज भांडण. मला भारी आयडिया सुचली, ऑनलाइन एक स्वस्तातला ट्रॅकर मागवला, सिम घातलं, म्हशीच्या गळ्यात बांधला आणि काकांच्या वाड्याभोवती मोबाईलवर गोल रेघ मारली. पहिल्या रात्री चौदा मेसेज. काका बॅटरी घेऊन चौदा वेळा गोठ्यात, आणि म्हैस जागच्या जागी रवंथ करतेय! झालं असं होतं की गोठ्याला पत्रा, पत्र्याखाली जीपीएसला आकाश दिसत नाही, मग ठिपका पन्नास मीटर इकडे पन्नास मीटर तिकडे नाचतो आणि रेघ मी काटकसरीने अगदी गोठ्याला चिकटून मारलेली. दुसऱ्या दिवशी रेघ मोठी केली तर म्हैस खरंच गेली पण तिकडे रेंज नव्हती, मेसेज आला तेव्हा ती खाऊन परत येत होती. तिसऱ्या दिवशी ती डबक्यात बसली आणि ट्रॅकर गेला. काकू अजून मला म्हशीवाला इंजिनिअर म्हणतात.

तर खऱ्या यंत्रणेत याला उपाय असतात. एक ठिपका बाहेर दिसला म्हणून ओरडायचं नाही, लागोपाठ दोन-तीन दिसले तरच. आत जायची रेघ वेगळी आणि बाहेर यायची वेगळी ठेवायची, मध्ये थोडी जागा सोडून, म्हणजे जनावर रेघेवर घुटमळलं तरी सारखी घंटा वाजत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागेला जायला जनावराला अशक्य वेग लागला असता असा ठिपका सरळ टाकून द्यायचा. आणि रेघेशी संबंध नसलेला एक अलर्ट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे न हलल्याचा. ठरावीक तास कॉलर हललीच नाही तर मेसेज जातो, कारण मग जनावर आजारी आहे, फाशात अडकलंय, मेलंय, नाहीतर कॉलर गळून पडली आहे, काहीही असलं तरी माणूस जायला पाहिजे.

प्रश्न: आमच्या हयसर हत्ती इलो काय आदी माड मोडता, मगे फोन वाजता. ह्यां उलटां कधी होतलां? केनियात मेसेज येता म्हणतास, मगे आमका कित्याक नाय? – एक बागायतदार, दोडामार्ग

उत्तर: पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग हसू गेलं. 2002 मध्ये कर्नाटकातून हत्ती तुमच्याकडे उतरले तेव्हापासूनचा हा जाच आहे, आणि केळी-पोफळी-माडाचं नुकसान एका वर्षात भरून निघत नाही, माड लावून फळ धरेपर्यंत पोर शाळेत जायला लागतं.

केनियाची गोष्ट खरी आहे. ओल पेजेटा नावाच्या राखीव क्षेत्रात किमानी नावाचा एक मोठा नर होता, शेतात शिरायची सवयच लागलेली. त्याच्याआधी असल्याच सवयीचे पाच हत्ती तिथल्या वन्यजीव खात्याने नाइलाजाने मारले होते. किमानीच्या गळ्यात मोबाईलचं सिम असलेली कॉलर घातली, शेताच्या बाजूला नकाशावर रेघ मारली, आणि त्याने रेघ ओलांडली की रेंजरना मेसेज. 2008 मध्ये तिथून बातमी आली की त्याला पंधरा वेळा वाटेत गाठून परतवलं आणि नंतर त्याने शेताकडे जाणंच सोडलं. पण ह्यात काम मेसेजने केलं असं समजू नका हां. मेसेज आल्यावर दिवे लावून गाडी घेऊन जाणारी माणसं तिथे रोज रात्री तयार बसलेली होती. पंधराच्या पंधरा वेळा. ते नसतं तर किमानीने मेसेज पाठवून शेत खाल्लं असतं एवढंच.

तुमच्याकडे रेघ कुठे मारायची हाच खरा प्रश्न आहे. बागेच्या गडग्यावर मारली तर तुम्ही म्हणता तसंच होणार, आधी माड मग फोन. समजा कॉलर तासाला एकदा जागा पाठवते. हत्ती चरत रमतगमत चालला तरी तासाला दोन-तीन किलोमीटर सहज जातो. मग मेसेज यायला लागणारा वेळ धरा, टीम जीपमध्ये बसून घाटरस्त्याने यायचा वेळ धरा, म्हणजे रेघ बागेपासून निदान पाच-सहा किलोमीटर आत रानात पाहिजे. आणि एवढ्या आत मारली की रोज रात्री फोन वाजणार, कारण हत्ती तिथे रोजच असतो, चौथ्या रात्री लोक फोन सायलेंटला टाकतात. जागा दर दहा मिनिटांनी घेतली तर रेघ जवळ आणता येते पण बॅटरी लवकर संपते, आणि बॅटरी बदलायला हत्तीला पुन्हा बेशुद्ध करावं लागतं, तो काही गुरांचा दवाखाना नाही. परवानगी, डॉक्टर, उतारावर पडला तर धोका, सगळं आलं. त्यात तिलारीच्या खोऱ्यात रेंजची बोंब, म्हणजे सिमवाली कॉलर डोंगराआड गेली की मुकी. सॅटेलाइटवाली लागणार आणि ती महाग.

म्हणून मला केनियापेक्षा वालपराईची पद्धत तुमच्याकडे जवळची वाटते. तमिळनाडूत चहाच्या मळ्यात वसलेलं गाव, हत्ती मळ्यातूनच ये-जा करतात. तिथे 2011 पासून कॉलर वगैरे न घालता माणसंच हत्ती कुठे आहे ते कळवतात, मग त्या भागातल्या लोकांना तमिळ आणि इंग्रजीत एसएमएस जातो, केबल टीव्हीवर खाली पट्टी येते, आणि मोक्याच्या ठिकाणी उंचावर लाल दिवे लावलेत ते मोबाईलवरून चालू करता येतात, दिवा लुकलुकत असला की त्या रस्त्याने संध्याकाळी कुणी जायचं नाही. लक्षात घ्या, त्याने झाडं वाचतीलच असं नाही, माणूस वाचतो. अंधारात अचानक समोरासमोर येण्यानेच माणसं जातात. तुमचा पहिला प्रश्न माडांचा आहे हे मला माहीत आहे, त्याचं उत्तर अलर्टमध्ये नाही, ते नुकसानभरपाई वेळेवर मिळण्यात आणि हत्तीला कुठे राहू द्यायचं हे एकदा ठरवण्यात आहे, आणि ते माझ्या सदराच्या हातात असतं तर काय हवं होतं.

प्रश्न: आता होडीवर पण ट्रान्सपाँडर बसवताहेत. उद्या कासवाचा टॅग आणि आमची होडी नकाशावर जवळ दिसली की आमच्यावर केस करणार का? जाळ्यात कासव आपणहून येतं, आम्ही काय बोलवायला जातो? – एक तांडेल, हर्णै

उत्तर: तांडेल, वर कासवाच्या जागेची जी रड सांगितली ती वाचलीत ना? दीड किलोमीटर चुकणाऱ्या ठिपक्यावरून कुणाची होडी जवळ होती हे सिद्ध होणार नाही, ती भीती सोडा. होडीवरचं यंत्र मुख्यतः तुमच्याच जिवासाठी आहे, वादळाची सूचना यायला आणि संकटात कळवायला. आता होडीची जागा कळली की बंदीच्या काळात कोण बाहेर आहे, म्हणजे आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै, हेही कळतं, ते मी लपवत नाही. पण नियमाने चालणाऱ्या लहान होडीवाल्याला त्याचा फायदाच आहे की, एलईडी लावून रात्रीत सगळं ओढून नेणारे मग दिसतील तरी.

एकेका कासवाचा अलर्ट होडीला देण्यापेक्षा वेगळी एक पद्धत जगात वापरतात ती मला पटते. हवाईजवळ 2006 पासून अमेरिकन सरकार मच्छीमारांसाठी एक नकाशा काढतं, त्यात समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान बघून कुठल्या पट्ट्यात लॉगरहेड कासवं असण्याची शक्यता जास्त ते दाखवतात, साधारण साडेसतरा ते साडेअठरा सेल्सिअसचा पट्टा टाळा असं. वर्षानुवर्षं टॅग लावून शिकले आणि शिकलेलं नकाशात उतरवलं, आता त्या पाण्यात एकही टॅगवालं कासव नसलं तरी नकाशा कामाचा. आपलं पाणी वेगळं, आपलं कासव वेगळं, ते आकडे इथे चालणार नाहीत, पण असा नकाशा ज्या दिवशी आपल्याकडे निघेल त्या दिवशी तुमच्यासारख्या चार तांडेलांना बसवूनच काढावा लागेल, कुठल्या महिन्यात किती वावावर कासवं लागतात हे कॉम्प्युटरला कुठून माहीत असणार.

आणि जाळ्यात आलंच तर जाळं कापा, सोडा, आणि मोबाईलवर फोटो-व्हिडिओ काढून ठेवा. संरक्षित जीव सोडायला जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना 2018 पासून राज्यात आहे, पण पुरावा लागतो. नुसतं सांगून कुणी देत नाही.

प्रश्न: टॅग लावलेल्या प्राण्यांची लाइव्ह जागा सगळ्यांना का दाखवत नाहीत? पैसा जनतेचाच ना? – वाचक, चिपळूण

उत्तर: 2013 मध्ये मध्य प्रदेशात पन्नाच्या एका कॉलरवाल्या वाघाची जागा ज्या ईमेलवर यायची ते ईमेल कुणीतरी दुसऱ्याच गावातून उघडायचा प्रयत्न केला होता. एवढं पुरे आहे खरं तर.

पण वाईट माणूसच हवा असं नाही, चांगल्यानेही घात होतो. आजोबा नावाचा बिबट्या आठवतोय? 2009 मध्ये विहिरीत पडलेला, कॉलर घालून माळशेजला सोडला, तिथून चालत चालत हायवे, रेल्वे ओलांडत वसईच्या खाडीपलीकडे मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत आला, शंभर-सव्वाशे किलोमीटर. वाटेत कुणाला पत्ताही लागला नाही आणि त्याने कुणाला त्रास दिला नाही. आता विचार करा, वाटेतल्या प्रत्येक गावाच्या ग्रुपवर तुमच्या हद्दीत बिबट्या शिरला आहे असा आपोआप मेसेज गेला असता तर काय झालं असतं, काठ्या, फटाके, मोबाईल घेऊन पाचशे माणूस. पुढे 2011 मध्ये तो गाडीखाली गेला, गावकऱ्यांच्या हातून नव्हे.

आयनॅचरलिस्ट नावाच्या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर तुम्ही दुर्मिळ जीवाचा फोटो टाकलात तर ते आपोआप खरी जागा लपवून साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दाखवतं. आपण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर घुबडाच्या घरट्याचं करंट लोकेशन टाकतो. आधी ते बंद करूया, मग जनतेच्या पैशाचं बोलू.

प्रश्न: दरवर्षी मार्चमध्ये आमच्या सड्यावर वणवा लागतो, आंब्याची कलमं जळतात. त्याचा अलर्ट मिळतो का? – आंबा बागायतदार, राजापूर

उत्तर: मिळतो, आणि ह्या सदरातला हा एकच अलर्ट जो तुम्ही आजच घेऊ शकता. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वेबसाइटवर नोंदणी करायची, आपला भाग निवडायचा, फुकट आहे. सॅटेलाइटला उष्णता दिसली की मेसेज. मर्यादा त्याच, सॅटेलाइट ठरलेल्या वेळीच वरून जातो, ठिपका 375 मीटरच्या चौकोनाचा असतो, आणि लहान आग सुटून जाते. धूर दिसला की 1926 ला वनखात्याला फोन करा, मेसेजची वाट बघत बसू नका. गवताची जाळपट्टी फेब्रुवारीतच काढून ठेवा.

प्रश्न: पर्यटक सारखं विचारतात, पिल्लं बाहेर येणार असली की अ‍ॅपवर कळेल का? – होमस्टेवाल्या ताई, वेळास

उत्तर: ताई, अमेरिकेत वाळूत सेन्सर पुरून पिल्लांची हालचाल ओळखायचे प्रयोग झालेत, पण तुम्हाला अ‍ॅपची गरजच नाही. तुमच्याकडे हॅचरीत प्रत्येक घरट्यावर अंडी घातल्याची तारीख लिहिलेली पाटी असते, त्यात पंचेचाळीस ते साठ दिवस मिळवायचे आणि पाहुण्याला सांगायचं दोन रात्री राहा. एक रात्र राहून पिल्लं दिसली नाहीत म्हणून रिव्ह्यूमध्ये स्टार कापणाऱ्याला माझ्यातर्फे सोलकढी देऊ नका.